आईला मोलकरीण म्हणून ठेवणारी क्वीनी: तुम्ही तिच्या जागी असता तर?

निशिगंध · शनि., रात्री १०:१२

परवा लेकीबरोबर १९३९ सालचा 'वुदरिंग हाइट्स' बघितला. (लेक १९ वर्षांची, इंग्रजी साहित्य घेतलंय म्हणून. एरवी कृष्णधवल काही लावलं की ती मॅगी करायला उठते.) कॅथी पडद्यावर आली आणि पोरगी म्हणाली, "आई, ही किती टिपिकल इंग्लिश दिसते गं!" म्हटलं, बाळा, ही आपल्या मुंबईची. तिला वाटलं मी फेकतेय.

तर मर्ल ओबेरॉन. जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. घरात लाडाने क्वीनी म्हणत. त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, ज्याची आठवण म्हणून पुढे गेटवे बांधला; त्या राणीवरून हे नाव. वडील इंग्रज, यंत्रांचे अभियंते, पहिल्या महायुद्धात गेले. आई शार्लट मूळची सिलोनची, मिश्र वंशाची, रंगाने सावळी. मायलेकी कोलकात्याला गेल्या. तिथल्या एका नामांकित शाळेत शिष्यवृत्तीवर शिकत असताना मुलींनी तिला आईबापांवरून इतकं टोचलं की शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकं, आणि संध्याकाळी फिर्पो नावाच्या रेस्टॉरंटात नाच. दृष्ट लागावी असं रूप.

तिथे एक माजी अमेरिकन नट तिच्या मागे लागला. एक दिवस घरी आला, शार्लटला पाहिलं, आणि प्रकरण मिटलं. फ्रान्समधल्या एका दिग्दर्शकाशी ओळख करून देतो असं आश्वासन देऊन गडी पसार झाला. या दोघी मात्र खरंच युरोपात गेल्या. पुढे लंडन, तिथला निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा, १९३३ मध्ये अ‍ॅन बोलिनची छोटी भूमिका, आणि १९३५ च्या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन. जन्मगाव म्हणून कागदावर आलं ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं होबार्ट. आणि घरी पाहुणे आले की शार्लट मोलकरीण व्हायची.

मी हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "शी! आईला?" आणि विषय संपला तिच्यापुरता. माझ्यापुरता संपत नाहीये. तुम्ही असता तर काय केलं असतं?

टवाळ_खवीस · शनि., रात्री १०:२०

शीर्षक वाचून वाटलं सासू-सून सुरू झालं. पॉपकॉर्न परत डब्यात.

शंतनू ठाणेकर · शनि., रात्री १०:५१

यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. गरिबी होती, मान्य. वंशभेद होता, मान्य. पण जिने वाढवलं तिच्या हातात चहाचा ट्रे देऊन पाहुण्यांसमोर "ही आमची बाई" म्हणायचं? माझी आई शिवणकाम करायची. कॉलेजात असताना मित्र घरी आले की मला मशीनच्या आवाजाची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. पण ती माझी आई नाही असं म्हणायची हिंमत झाली नसती. लाज वाटणं वेगळं, नातं पुसणं वेगळं.

अवखळ_अदिती · शनि., रात्री ११:०५

शंतनू, तुमच्या आईच्या मशीनचा आवाज ऐकून कुणी तुम्हाला नोकरीवरून काढलं नसतं.

शंतनू ठाणेकर · शनि., रात्री ११:०९

मुद्दा नोंदवला. पटला नाही.

रेल्वेचा_नातू · रवि., सकाळी ७:३०

लिहायला बसलोय तर लांबेल, आधीच माफी.

आजोबा इगतपुरीला होते. कसारा घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावत ना, त्या इंजिनांच्या दुनियेत. कॉलनीत निम्मे ड्रायव्हर आणि गार्ड अँग्लो-इंडियन. इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी नाच, हाउझी, नाताळात केक. आई तिथेच लहानाची मोठी झाली, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो.

शेजारी दोन बहिणी होत्या. नावं लिहीत नाही. एकाच आईबापांच्या, पण थोरली दुधासारखी आणि धाकटी आपल्यासारखी. दोघी 'होम' म्हणायच्या ते इंग्लंडला, जे त्यांच्या आजोबांनीही बघितलेलं नव्हतं. लोक मागून 'आठ आणे' म्हणायचे, म्हणजे रुपयात आठ आणे गोरे. थोरलीला मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानात काउंटरवर नोकरी लागली. धाकटी जास्त हुशार, शॉर्टहँड पक्कं, पण तिला मागच्या खोलीत टायपिंग. थोरली सुट्टीत यायची तेव्हा तिच्याबरोबर दुकानातली कुणी मैत्रीण असली, तर धाकटीला आधी निरोप जायचा: स्टेशनवर येऊ नकोस.

स्वातंत्र्यानंतर घरातल्यांनी ऑस्ट्रेलियासाठी अर्ज केले. तिथे 'गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' हेच धोरण होतं, मिश्र वंशाच्या माणसाला आत घ्यायचं की नाही हे बऱ्याच अंशी दिसण्यावर ठरायचं. थोरली गेली. धाकटी राहिली, पुढे भुसावळला एका शाळेत शिकवायची. आईला ती दर नाताळात कार्ड पाठवायची. थोरलीचं पत्र कधी कुणाला आलं नाही.

तर निशिगंधताई, क्वीनी काही एकटी नव्हती. ती पडद्यावर गेली म्हणून आपल्याला माहीत. बाकीच्या हजारो नुसत्या गाडीत बसून गेल्या.

मनीमाऊ · रवि., सकाळी ८:०२

"स्टेशनवर येऊ नकोस." बाप रे. पोह्यांचा घास अडकला.

काडेपेटी_काका · रवि., सकाळी ९:१५

आमच्या कोकणस्थांत घारे-गोरे निघतात त्यांच्या मूळपुरुषाबद्दल कुणी धागा काढणार का? मी फक्त काडी टाकतोय.

टवाळ_खवीस · रवि., सकाळी ९:१७

काका, मागच्या वेळी त्या विषयावर २१४ प्रतिसाद झाले आणि धागा कुलूपबंद झाला. माफ करा.

कायद्याचं_बोला · रवि., सकाळी १०:४०

थोडी पार्श्वभूमी. नीती-अनीती ठरवताना तेव्हाचा कायदा समोर ठेवावा.

अमेरिकेने १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टा आखून तिथून येणाऱ्यांना बंदी केली, त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. थिंड अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. त्यांचं म्हणणं, मी उच्चवर्णीय, आर्य, म्हणजे गोराच. (हे आपल्या काही मंडळींना ओळखीचं वाटेल.) न्यायालय म्हणालं, आर्य-बिर्य राहू द्या, रस्त्यावरचा सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणेल का? नाही. संपलं. त्यानंतर आधी मिळालेलं नागरिकत्वसुद्धा कित्येक हिंदी लोकांकडून काढून घेतलं. १९२४ मध्ये दार आणखी घट्ट लावलं. १९४६ मध्ये किलकिलं झालं तेही वर्षाला १०० हिंदी माणसांपुरतं.

आता स्टुडिओ. १९३४ पासून हॉलिवूडच्या चित्रपटांसाठीची हेज यांची आचारसंहिता कडक झाली. तिच्यात गोऱ्या आणि काळ्यांचा शृंगार निषिद्ध होता, आणि स्टुडिओ तो नियम आशियाई कलाकारांनाही लावत. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नटी. 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नवऱ्याचं काम गोरा नट करत होता. ती भूमिका गोऱ्या लुईझ रायनरला गेली आणि तिला ऑस्कर मिळालं. १९३७ सालची गोष्ट. म्हणजे क्वीनीने खरं सांगितलं असतं तर तिचं काय झालं असतं याचा नमुना त्याच गावात समोर चालता-बोलता होता.

शंतनू ठाणेकर · रवि., सकाळी १०:५८

माहितीबद्दल आभार. पण अ‍ॅना मे वाँगने आपला चेहरा लपवला नाही ना? भूमिका गेल्या, तरी उभी राहिली. मग?

कायद्याचं_बोला · रवि., सकाळी ११:०४

तिला लपवता येत नव्हता. ज्याला लपवता येत नाही त्याच्या धैर्याचं माप घेऊन दुसऱ्याला झोडपणं मला जरा सोयीचं वाटतं.

पेठेतला_पिंपळ · रवि., दुपारी १२:२०

सगळे हॉलिवूडला पोचलात, जरा पुण्याला या.

रुबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. बगदादी ज्यू घराण्यातली. आणि नोकरी काय? टेलिफोन ऑपरेटर! मूकपटवाल्यांनी हेरलं, नाव ठेवलं सुलोचना. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' या १९२७ च्या चित्रपटात तिने आठ भूमिका केल्या. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे असं लोक म्हणत. बोलपट आला तेव्हा हिंदुस्तानी येईना, तर काम थांबवून भाषा शिकली आणि परत आली. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला. तिच्याच काळातली सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ, अँग्लो-इंडियन. पेशन्स कूपरही अँग्लो-इंडियन, कोलकात्याची.

गंमत बघा. कुळातल्या हिंदू-मुसलमान मुली पडद्यावर यायला तयार नसत, म्हणून या मुलींना हिंदू नावं देऊन आपण सीता आणि सावित्री करून बसवलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की फसवणूक. एकीला गोरेपणामुळे इथे देवी केलं, दुसरीला तिथे टिकायला गोरं व्हावं लागलं. दोघी टेलिफोनवर "नंबर प्लीज" म्हणत बसायच्या. तिथे कसं, आवाजच फक्त. रंग दिसत नाही.

मनीमाऊ · रवि., दुपारी १२:३१

शेवटचं वाक्य. दंडवत.

काडेपेटी_काका · रवि., दुपारी १२:४०

फरक आहे पिंपळराव. सुलोचना ज्यू आहे हे सगळ्या मुंबईला ठाऊक होतं. नाव बदललं, घर नाही बदललं. दुपारचं जेवण करून झोपा आता.

पेठेतला_पिंपळ · रवि., दुपारी ४:०५

झोपूनच आलो. मान्य.

अवखळ_अदिती · रवि., दुपारी ४:३०

मला या गोष्टीत आईपेक्षा तिच्या चेहऱ्याचं जास्त वाटतं. सगळे 'सुंदर होती म्हणून निभावलं' म्हणतात. मला उलटं दिसतं. ती साधी, चारचौघींसारखी असती तर टेलिफोन एक्सचेंजमधल्या एखाद्या कारकुनाशी लग्न करून 'जरा उजळ मेमसाब' म्हणून आयुष्य काढलं असतं, कुणी वळून बघितलं नसतं. रूप असं की लोक बघणारच. आणि बघायला लागले की शोधायला लागतात: नाक कुणाचं, डोळे कुठले, केस असे कसे?

सुरुवातीला तिला 'पूर्वेकडची गूढ बाई' म्हणूनच वापरलं. १९३४ मध्ये एका चित्रपटात तर तिला जपानी सरदाराची बायको केली. विचार करा, जिच्या अंगात खरंच आशियाई रक्त आहे तिला रंग फासून खोटी आशियाई करायचं, आणि तिने आरशासमोर बसून ते करून घ्यायचं. वर्षभरात हॉलिवूडने सगळा मेकअप उतरवून तिला इंग्लिश गुलाब बनवलं, आणि ऑस्करचं नामांकन आलं.

१९३७ मध्ये लंडनला मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्यावर जखमा राहिल्या. १९४० च्या सुमारास औषधं-प्रसाधनांची रिअ‍ॅक्शन येऊन कातडी बिघडली, ती खरवडून काढायचे उपचार घेतले. पुढे छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने तिच्यासाठी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसणारा एक दिवा तयार केला. समोरून सपाट उजेड, व्रण गायब. त्या दिव्याला सिनेमावाले अजून 'ओबी' म्हणतात, तिच्या नावावरून. बॅलार्डशी तिने १९४५ मध्ये लग्न केलं.

कुणी म्हणेल प्रेमकथा. मला तर ते वाचून धाप लागली. आयुष्यभर तोंडावर दिवा.

निशिगंध · रवि., दुपारी ४:४८

अदिती, मी हाच शब्द शोधत होते. धाप.

तस्मानी_माणूस (मेलबर्न) · रवि., संध्या. ६:१०

आयडी १२ वर्षांपूर्वी घेतला होता, आज सार्थकी लागतोय.

नोकरीनिमित्त होबार्टला तीन वर्षं होतो. तिथल्या जुन्या लोकांना विचारा, अजूनही छातीठोक सांगणारे भेटतील की मर्ल आमचीच. माझी घरमालकीण, ऐंशीच्या पुढची, मला ठामपणे सांगायची की ती टास्मानियातल्याच सेंट हेलेन्स गावच्या हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या मुलीची, बाप हॉटेलचा मालक. मी म्हटलं, आजी, मुंबईच्या सरकारी दप्तरात तिचा जन्मदाखला सापडलाय. त्या म्हणाल्या, "कागदाचं काय, कुणीही करतं." आता यावर काय बोलणार! खोट्या गोष्टीला त्यांनी स्वतःहून हातपाय फोडले, आणि त्या खोट्यातही शेवटी आशियाई आईच आणून बसवली. मला हे फार विलक्षण वाटतं.

टास्मानियाच का? लांब, कुणी तपासायला जाणार नाही, आणि 'अस्सल ब्रिटिश' अशी ख्याती. पटकथा अशी होती की वडील शिकारीत गेले आणि मग नातेवाइकांकडे हिंदुस्थानात आली. म्हणजे कोलकात्याचं कुणी भेटलंच तर तीही सोय.

१९७८ मध्ये होबार्टने तिचा सत्कार ठेवला. गावची लेक परत आली म्हणून. ती आली, आणि तिथे आल्यावर म्हणाली की माझा जन्म इथला नाही. मग बरं वाटत नाही म्हणून निघून गेली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात वारली. ६८ वर्षांची होती.

टवाळ_खवीस · रवि., संध्या. ६:१४

४५ वर्षं सांभाळलेलं खोटं सत्काराच्या हारापुढे टिकलं नाही. आपले नेते बरे, हारात रुळतात.

स्वरूपा_जर्सी · रवि., रात्री ८:३७ (इथे सकाळ)

हा धागा वाचून लिहावं की नाही यात दोन कप कॉफी गेली.

माझी मुलगी नवऱ्याकडच्या वळणावर गेलीय. गोरी, तपकिरी केस, हिरवट डोळे. इथे सगळे तिला इटालियन समजतात. मी काळी. 'सावळी' वगैरे नाही, काळी. माझ्या लग्नाच्या वेळी सासूबाईंनी 'नाकीडोळी नीटस' म्हणून सोडवून घेतलं होतं. ती लहान असताना बागेत बायका मला विचारायच्या, तासाला किती घेता? मी हसून सांगायचे, "ती पैसे देत नाही हो, फुकट राबवते." नवऱ्याला हा किस्सा पार्ट्यांमध्ये सांगायला आवडायचा. मलाही आवडायचा, एका मर्यादेपर्यंत.

शाळेत सातवीत असताना एकदा डबा विसरली म्हणून मी नेऊन दिला. संध्याकाळी शांतपणे म्हणाली, "आई, पुढच्या वेळी ऑफिसमध्ये ठेव ना, वर्गापर्यंत नको येऊस." बाकी काही नाही. ना आवाज चढला, ना रडारड. मी "बरं" म्हटलं. आता ती २२ वर्षांची आहे, माझ्याशी मराठीत बोलते, मैत्रिणींना घरी आणते, सगळं चांगलं आहे. तिला ते वाक्य आठवतही नसेल. मी विचारणार नाही.

शंतनू, तुम्ही शार्लटच्या बाजूने रागावलात, पण शार्लटला कुणी विचारलं का? मला वाटतं ट्रे तिने स्वतःच उचलला असेल. मीसुद्धा त्यानंतर डबा ऑफिसातच ठेवायचे.

शंतनू ठाणेकर · रवि., रात्री ९:०२

स्वरूपाताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचलं एवढंच.

मिताक्षरा · रवि., रात्री ९:४५

एक गोष्ट इथे अजून कुणी काढलेली नाही. शार्लट तिची आई नव्हती.

मुंबईच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कॉन्स्टन्स. कॉन्स्टन्स म्हणजे शार्लटची मुलगी. क्वीनीच्या जन्मावेळी स्वतःच जेमतेम १२-१४ वर्षांची पोर. बाप कोण, तर शार्लटच्या घरात राहणारा तोच इंग्रज. कुठल्याही शब्दांनी झाका, हा अत्याचार होता. शार्लटने काय केलं? नातीला लेक म्हणून वाढवलं, आणि खऱ्या आईला क्वीनीची बहीण करून टाकलं. कॉन्स्टन्सचं पुढे मुंबईत लग्न झालं, आणखी चार मुलं झाली. त्यातला हॅरी. त्याला आधी वाटायचं मर्ल आपली मावशी. दप्तरात दाखला सापडला तेव्हा कळलं की बहीण. तो लॉस एंजेलिसला तिला भेटायला गेला. तिने भेट नाकारली.

म्हणजे बघा, ज्या घरात आईला बहीण म्हणायचं हे पाळण्यातच ठरलं, तिथे पुढे आईला मोलकरीण म्हणणं ही नवी युक्ती नव्हती. घरची रीत होती. पहिलं खोटं क्वीनीचं नाहीच. ते रंगासाठीही नव्हतं, अब्रूसाठी होतं. आणि ते रचणाऱ्या बाईला मी एका दमात वाईटही म्हणू शकत नाही, चांगलंही नाही. १९११ साली बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या पोटी मूल जन्मलं तर आपल्याकडे काय व्हायचं ते आठवा. विहिरी साक्षीला आहेत.

मनीमाऊ · रवि., रात्री ९:५३

क्वीनीला हे माहीत होतं का?

मिताक्षरा · रवि., रात्री १०:०१

हॅरीला दारातून परत पाठवलं ते नुसतं सावळ्या नातेवाइकाला टाळायला की त्याच्या हातातल्या कागदाला, हा मलाही पडलेला प्रश्न आहे. तिने तोंड उघडलं नाही.

रेल्वेचा_नातू · रवि., रात्री १०:२०

मिताक्षरा, अंगावर काटा आला. आणि कायदा बघा, घटनेच्या ३६६ व्या कलमात अँग्लो-इंडियन कोण? ज्याचा बाप किंवा बापाकडचा पूर्वज युरोपीय, तो. आईच्या बाजूचं कुणी विचारतच नाही. आई पुसायची सोय व्याख्येतच आहे.

काडेपेटी_काका · रवि., रात्री १०:३३

'एक गोरी, बहात्तर खोडी चोरी' ही म्हण आमची आजी सुनांना ऐकवायची. त्या बहात्तरांत स्वतःची आई येईल असं वाटलं नव्हतं. आज काडी नाही टाकत.

गौरांग_फोटोवाला · सोम., सकाळी ६:५०

शार्लट १९३७ मध्ये वारली. १९४९ मध्ये मर्लने तिच्या एका जुन्या फोटोवरून तैलचित्रं करून घेतली, आणि चित्रकाराला सांगितलं की रंग उजळ कर. मग ती चित्रं मरेपर्यंत स्वतःच्या घरात टांगली. गोऱ्या मेमसाबचं चित्र, पाहुण्यांसमोर, "माझी आई" म्हणून. मोलकरणीची आई झाली, पण कातडी बदलून.

लगेच नावं ठेवू नका. आमचा वडिलोपार्जित स्टुडिओ होता, दादरला. वडील निगेटिव्हवर पेन्सिल मारायचे. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड, आणि टोकदार शिसाने चेहऱ्यावर बारीक बारीक रेघोट्या. निगेटिव्हवर जितकं शिसं बसेल तितका चेहरा प्रिंटमध्ये उजळ. लग्नाला दाखवायचे फोटो तर सगळेच. गिऱ्हाईक सांगायचंसुद्धा नाही, गृहीतच असायचं. सांगायला यायचे ते एकच: "जास्त नको हं, ओळखू आली पाहिजे." मेलेल्या माणसाच्या फोटोला तर हात सैल सोडायचा. तिथे ओळखायला कोण येणार?

तुमच्या घरात भिंतीवर आजीचा हातरंगाचा फोटो असेल तर मान आणि चेहरा यांचा रंग ताडून बघा. वडील मानेला कमी वेळ द्यायचे.

टवाळ_खवीस · सोम., सकाळी ७:२२

स्टूल घेऊन भिंतीपाशी उभा आहे. पणजोबांची मान वेगळ्या माणसाची निघाली.

स्वरूपा_जर्सी · सोम., सकाळी ८:१५

गौरांग, शार्लट असताना ट्रे आणि गेल्यावर तैलचित्र. बारा वर्षं लागली तिला. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

निशिगंध · सोम., रात्री ११:४०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायला मीच बांधील आहे, तर लिहिते.

माझी आई गोरी, तिची आई काळी. आजी मुरुडकडची, शाळा चौथीपर्यंत. आई गिरगावात मावशीकडे राहून शिकली, मॅट्रिक झाली, बँकेत लागली. त्या काळात तिच्या बँकेतल्या लोकांना आजी ठाऊक होती ती 'गावाकडून आलेली बाई' म्हणून. कुणी म्हणालं नाही मोलकरीण. कुणी आईही म्हणालं नाही. आम्ही मुलं हे किती सहज बघत होतो! बँकेतले कुणी आले की आजी स्वयंपाकघरात, तेवढं जेवण झालं की बाहेर. आम्हाला वाटायचं तिला पाहुणे आवडत नाहीत.

गौरांग, तुमचं वाचून मी आज फोटो उतरवला. दादरच्याच एका स्टुडिओचा शिक्का आहे मागे, १९६४. चेहरा गव्हाळ. गुलाबी गाल. मान पदराने झाकलीय, पण फुलदाणीवर टेकवलेला हात राहिलाय. हात काळा आहे. माझ्या आजीचा हात, जसा मला आठवतो तसाच.

लेकीला दाखवला. ती बराच वेळ बघत बसली, काही बोलली नाही. मग म्हणाली, आजीला फोन लाव. म्हणजे माझ्या आईला. आई ८१ वर्षांची, दुपारची झोप मोडलेली. मी विचारलं, "आई, आजीच्या फोटोत रंग काढलाय का गं तुम्ही?" तर म्हणाली, "काढायचा कशाला? तशीच होती ती. उन्हाने हात रापले होते एवढंच."